पान क्रमांक चौऱ्याऐंशी

१२ जुलै २०२३, बुधवार

आज शेजारच्या तालमीचे अध्यक्ष धैर्यशीलराव घरी आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि मी न विचारताच 'चहा चालेल' म्हणाले. म्हणजे काम होतं.

तालमीला शंभर वर्षं झाली, स्मरणिका निघणार आहे. कोल्हापुरात तालमीत कुस्ती असते आणि तालमीचाच फुटबॉल संघही. मी म्हटलं, "अभिनंदन. या शंभर वर्षांत माझ्या गच्चीत बॉल आला नाही असं एखादं वर्ष सापडलं, तर ठळक अक्षरात छापा."

ते हसले. हा माणूस निवडणुकीला उभा राहणार, नक्की.

"मॅडम, एक पान महिलांसाठी ठेवलंय. आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉलची ओळख. नव्या प्रेक्षकांना कळेल असं. या महिन्यात बायकांचा वर्ल्ड कप हाय नव्हं? ऑइल मिलवाले जाहिरात देतायत, ते म्हणाले महिलांचं कायतरी घाला."

"मग मीच का?"

"तुमी कॉन्व्हेंटच्या. इंग्लिश वाचायचं, मराठीत उतरवायचं. तीनशे शब्द. आणि खाली लेखिकेचा परिचय, एका ओळीत."

तालमीच्या इतिहासाला ब्याऐंशी पानं आणि निम्म्या मानवजातीला तीनशे शब्द. पान त्र्याऐंशीवर उपासाचे पदार्थ आहेत, पंच्याऐंशीवर रांगोळी. मधल्या चौऱ्याऐंशीवर आम्ही, हाफ पँटीत.

मी हो म्हणाले. रागानेच म्हणाले. डिसेंबरात पुरुषांचा वर्ल्ड कप झाला तेव्हा याच पेठेत अर्ध्यांनी ब्राझीलचे आणि अर्ध्यांनी अर्जेंटिनाचे झेंडे लावले होते. ज्यांना मुरगूडची एसटी कुठून सुटते ते माहीत नाही, ते ब्यूनॉस आयर्सच्या हवामानावर बोलत होते. तालमीच्या वरच्या हॉलमध्ये भला मोठा पडदा लागला, फटाके फुटले, माझ्या भिंतीवर कोणीतरी निळे-पांढरे पट्टे ओढून गेलं. आता बायका खेळणार आहेत तर पेठेत एक पतंगाचा कागदसुद्धा नाही.

माझा फुटबॉलशी संबंध फक्त जप्तीचा. २००९ साली मी माझी गच्ची आणि तालमीच्या हॉलची खिडकी यांच्यामध्ये पत्रा मारून घेतला. तरी बॉल येतातच. आले की जप्त. आजपर्यंत अकरा. माळ्यावर ठेवलेत. महिन्यातून एकदा पंपाने हवा भरते, तीही रबर चिरू नये म्हणून. जप्त मालाची निगा राखायची असते. छत्तीस वर्षं विमा कार्यालयात नोकरी केली आहे.

२० जुलै, गुरुवार

स्पर्धा सुरू झाली. साडेबाराला न्यूझीलंड विरुद्ध नॉर्वे. मी ताटासमोर मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. कामासाठी.

अंबूबाई पोळ्या लाटता लाटता येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे वीस वर्षं स्वयंपाक करते, माहेर मुरगूडचं, नवरा आणि दोन्ही मुलगे तालमीचे भक्त.

"ह्या बायकांच्या घरचं कोण बगतंय ओ, ताई?"

"त्यांच्या घरीही अंबूबाई असेल."

"मग तिला चांगला पगार असंल."

मी मोबाइलचा आवाज वाढवला.

ऑफसाइड हा प्रकार नव्या प्रेक्षकाला कसा समजावायचा याचा मी कालपासून विचार करत होते. इंग्लिशमध्ये त्यावर दीड पान वाचलं. अंबूबाईने हातातलं लाटणं उगारून एका वाक्यात मिटवलं: "वाढपी यायच्या आदी पंगतीत फुडं जाऊन बसायचं न्हाई. बसली की आफसाइड."

तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. कोल्हापुरातल्या बायका गेली शंभर वर्षं फुटबॉल ऐकताहेत, चुलीपासून. बघायला फक्त कोणी बोलावलेलं नाही.

न्यूझीलंड एक-शून्य जिंकलं. बत्तीस वर्षांत वर्ल्ड कपमधली त्यांची ही पहिली जीत. त्या मुली रडत होत्या. मला रडक्या बायका आवडत नाहीत. आमटी तिखट झाली होती.

२४ जुलै, सोमवार

पानाचा पहिला खर्डा.

'सन १९२० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलला बायकांचा एक सामना झाला. तो पाहायला त्रेपन्न हजार लोक आले. ही गोष्ट इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला इतकी आवडली, की पुढच्याच वर्षी तिने बायकांना आपल्या सर्व मैदानांवर बंदी घातली. हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असा शोध तिला लागला होता. शोध चुकीचा होता हे लक्षात यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. घाई करून चालत नाही.

'बायकांचा पहिला वर्ल्ड कप १९९१ साली झाला. पुरुष नव्वद मिनिटं खेळतात, बायकांना ऐंशी दिली. उरलेली दहा बहुधा स्वयंपाकासाठी असावीत.

'भारताचं विचाराल, तर सत्तरीचं दशक संपता संपता कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. आशियात दुसऱ्या. तुम्हाला माहीत नव्हतं? काळजी करू नका, कोणालाच माहीत नाही. त्यासाठी बरेच परिश्रम घेतले गेले आहेत.'

दीडशे शब्द संपले आणि अजून मी बॉलला पाय लावलेला नाही. धैर्यशीलरावांना 'सोपी भाषा' हवी होती. याहून सोपी मला येत नाही.

दुपारी मोरोक्कोच्या मुलींना जर्मनीने सहा गोल मारले. मोरोक्को पहिल्यांदाच आलंय. अंबूबाई म्हणाली, "घरी जाऊ द्या की आता बिचाऱ्यांस्नी." मी तिला सांगितलं, एक सामना हरून कोणी घरी जात नाही, गटात तीन असतात. ती म्हणाली, "म्हंजे आणिक दोनदा मार खायचा?"

२७ जुलै, गुरुवार

तीन दिवस पाऊस. राधानगरी धरण भरत आलंय, नदीकडचे लोक सामान बांधून बसलेत, वीज जाऊन येऊन आहे. अशा हवेत बाळासो छत्री घेऊन खर्डा न्यायला आले.

बाळासो तालमीचे सेक्रेटरी. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे. एके काळी कुस्ती केली, आता फक्त चुरगळलेले पैलवानी कान तसे राहिलेत. गेल्या चौदा वर्षांत आमचा संवाद म्हणजे 'मॅडम, बॉल' आणि 'नाही'.

त्यांनी खर्डा उभ्याने वाचला. मग म्हणाले, "ह्यात तुमचं न्हाई काय?"

"माझं काय?"

"कॉन्व्हेंटच्या भितीवर बसून बगायचो की आमी. तुमी गोलात हुतासा. दोन येण्या, पांढरा फ्राक, आन् ती काळी शिष्टर शिट्टी वाजवत झगा गुडघ्यापतूर धरून पळायची. तुमच्या हातनं बॉल सुटला न्हाई कदी."

लोकांना काय काय आठवतं. सिस्टर इमेल्डा गोव्याच्या होत्या आणि आम्हाला खेळवायच्या, एवढं खरं. बाकी भिंतीवर बसून मुलींना बघणाऱ्यांच्या साक्षीला मी किंमत देत नाही.

"आन् त्या मुंबईच्या पत्राचं का लिवला न्हाईसा?"

"कुठल्या पत्राचं?"

"पंच्याहत्तर सालचं. महाराष्ट्राच्या टीमचं बोलावणं. माझा बा पोस्टमन हुता. त्याच्या गुडघ्यात पाणी झालतं, म्हणून म्हैनाभर टपालाची पिशवी मीच फिरवलोतो. तुमच्या दादांच्या हातात दिलंतं की मी. वर इंग्लिशमदनं छापलंतं, म्हणून ध्यानात राहिलं."

मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. सत्तरी आली की माणसाला भ्रम होतात.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिते. १९७५ मध्ये सिस्टर इमेल्डांनी माझं नाव महाराष्ट्राच्या मुलींच्या निवड चाचणीसाठी मुंबईला कळवलं होतं. उत्तर आलं नाही. मी अठरा वर्षांची होते, रोज दारात उभी राहायचे. दत्तप्रसाददादाला माझी दया आली. तो स्वतः दोनदा पोस्टात जाऊन चौकशी करून आला. म्हणाला, "शरू, काही नाही आलं. तुझी निवड झाली नसेल. मनाला लावून घेऊ नकोस." मग त्याने मला टंकलेखनाच्या वर्गात घातलं, फीसुद्धा त्याने भरली. असे भाऊ मिळत नाहीत. त्याच वर्षी मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, असं आता वाचलं.

मला त्याचं काही वाटलं नाही. वाटत नाही. वीज पुन्हा गेली.

३ ऑगस्ट, गुरुवार

मोरोक्को! सहा गोल खाल्लेलं मोरोक्को! नंतरचे दोन्ही सामने एक-शून्य जिंकलं. पण पुढे जाणार की नाही ते जर्मनी-कोरिया सामन्यावर होतं, आणि तो अजून चालू होता. तर या मुली मैदानातच एका मोबाइलभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या. वर्ल्ड कपमधल्या खेळाडू, आणि दुसऱ्या सामन्याचा निकाल बघताहेत एवढ्याशा पडद्यावर, आमच्यासारख्याच. त्यांच्यात एक डोक्याला रुमाल बांधून खेळणारी आहे, वर्ल्ड कपमधली पहिली. जर्मनीची बरोबरी झाली आणि जर्मनी बाहेर. मुली किंचाळल्या. इकडे अंबूबाई किंचाळली. कुकर उतरवायचा राहिला.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदूचं औषध घातलेलं होतं, त्यामुळे पाणी येत होतं.

आणि मग मला संताप आला. आम्ही दोघी, वय मिळून एकशे पंचवीस, एका मोबाइलला नाक लावून बसलोय, तो तांब्यावरून दोनदा आमटीत पडलाय. आणि मधे एक पत्रा सोडला तर पलीकडे बारा फुटांचा पडदा गुंडाळून ठेवलाय!

लगेच पत्र लिहिलं. 'मा. अध्यक्ष, स. न. वि. वि. महिला फुटबॉलची ओळख करून द्यायची, तर ती दाखवूनच होते. तरी दि. २० ऑगस्ट रोजी अंतिम सामना तालमीच्या हॉलमध्ये पेठेतल्या महिलांना दाखवावा. तसे न झाल्यास पान चौऱ्याऐंशीचा मजकूर मिळणार नाही.' जावक क्रमांक घातला. सवय.

५ ऑगस्ट, शनिवार

धैर्यशीलराव आले. आज चपला घालूनच दारात उभे.

"मॅडम, तालमीत बाई येत न्हाई. मारुतीरायाचं ठाणं हाय. शंभर वर्षांचा रिवाज."

"मारुती सीतामाईला शोधत लंकेपर्यंत गेला. बाई दिसल्याबरोबर परत फिरला, असं मी कुठे वाचलेलं नाही."

"तसं न्हवं. हॉलच्या जिन्याला जायला कुस्तीच्या हौद्याच्या कडेनंच जावं लागतंय. तांबडी माती. त्या मातीत बाईचं पाऊल न्हाई पडलेलं अजून."

"मग पान नाही."

त्यांनी एक उसासा सोडला, निवडणुकीला शोभेल असा. "मग रांगोळीला दोन पानं देऊ. ऑइल मिलवाल्यांस्नी काय, महिलांचं कायतरी झाल्याशी मतलब."

तर असं आहे. अंतिम सामना नाही तर पान नाही, पान नाही तर त्या त्रेपन्न हजारांच्या जागी मोराची रांगोळी. शंभर वर्षांनी पुन्हा कोणीतरी स्मरणिका उघडेल आणि त्याला कळेल, की २०२३ साली कोल्हापुरातल्या बायका मोर काढत होत्या.

अंबूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मोर काडाय मला येत बी न्हाई."

६ ऑगस्ट, रविवार

अमेरिका बाहेर. चार वेळा जिंकलेली अमेरिका! स्वीडनशी शून्य-शून्य, मग पेनल्टी. शेवटच्या पेनल्टीला अमेरिकेच्या गोलकीपरने बॉल अडवला, तो उंच उडाला, पुन्हा खाली आला, तिने पुन्हा हाताने बाहेर लोटला. सगळ्यांना वाटलं, वाचला. मग यंत्राने सांगितलं, बॉल रेषेच्या आत गेला होता. एका मिलिमीटरने.

अंबूबाई म्हणाली, वाईट झालं. मी म्हटलं, वाईट नाही, तिने पहिला हात उघडा लावला. मूठ लावायला हवी होती.

हे मला कसं माहीत, असं अंबूबाईने विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला काम नव्हतं वाटतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज विचित्र प्रकार झाला.

ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स. पाऊस थांबला होता म्हणून आम्ही गच्चीत बसलो, पत्र्याला पाठ लावून. पुन्हा शून्य-शून्य, पुन्हा पेनल्टी. पण ही पेनल्टी संपेचना. पाच झाल्या, सहा झाल्या, सात. पाचवीला तर ऑस्ट्रेलियाची गोलकीपर स्वतः मारायला आली आणि बॉल खांबावर आपटला. मी ओरडले, "अगं तुझं काम अडवायचं!"

तेवढ्यात पत्र्यापलीकडून दबका आवाज आला. "मॅडम... किती झालं?"

मी म्हटलं, "कोण आहे?"

पत्र्यामागे खुसपूस. मग दुसरा आवाज: "कोन न्हाई. किती झालं तेवडं सांगा की."

खिडकीशी आठदहा जण असावेत. आमच्या मोबाइलवरचं समालोचन इंग्लिश, त्यामुळे नुसता आरडाओरडा ऐकून त्यांचा जीव जात होता. आता माणुसकी म्हणून काही असतं. मी सांगत गेले. "फ्रान्स. मारला. गोल... ऑस्ट्रेलिया. गोल... फ्रान्स. अडवला! नाही, थांबा, पंच परत मारायला लावतायत, गोलकीपर आधी पुढे सरकली."

"आँ? ह्ये कसलं अंपायरिंग?" पत्र्यावर थाप पडली.

"पत्रा माझा आहे!"

"सॉरी मॅडम. फुडं?"

"परत अडवला!"

पत्र्यापलीकडे जो काही गलका झाला, त्याने कबुतरं उडाली. एकूण वीस पेनल्ट्या. वर्ल्ड कपमध्ये इतकी लांबलेली पेनल्टी पुरुषांनीही पाहिली नाही. ऑस्ट्रेलियाने जिंकल्यावर पलीकडून शिट्ट्या, आणि मग बाळासोंचा आवाज, जरा ओला झालेला: "मॅडम, येक इचारू? नियम तांबड्या मातीचा हाय. खिडकीला कुठली माती?"

मी पहिल्यांदाच पत्र्याला न टेकता त्याच्याकडे बघितलं. माझा कठडा आणि त्यांची खिडकी यांच्यात दीड हाताचं अंतर आहे.

१५ ऑगस्ट, मंगळवार

झेंडावंदनानंतर तालमीची कमिटी बसली. ठराव बाळासो लेखी घेऊन आले. अक्षर गिचमिड, पण मजकूर असा: 'तालमीच्या दरवाजातून महिला येणार नाहीत. सबब रिवाज मोडत नाही. मॅडमच्या गच्चीतून खिडकीवाटे आल्यास कमिटीस दिसणार नाही. सर्वानुमते मंजूर.'

वीस पेनल्ट्यांनी जे झालं, ते शंभर वर्षांत झालं नव्हतं. अर्थात त्यांनी काहीही मोडलेलं नाही. कोल्हापूरकर नियम मोडत नाही, तो नियमाला खिडकी पाडतो.

अट एकच: पत्रा काढायचा. आणि पेठेतल्या बायका माझ्या दिवाणखान्यातून, माझ्या जिन्याने, ओल्या चपलांनी माझ्या गच्चीत जाणार. मी बाळासोंना म्हटलं, मान्य नाही. ते म्हणाले, "बरं." आणि पान्याने पत्र्याचे बोल्ट सोडवायला लागले. मी बोल्ट ठेवायला डबा दिला. हरवायला नकोत, परत मारायचाय.

जाताना ते पुन्हा म्हणाले, "त्या पत्राचं ध्यानात घ्या, मॅडम." मी डब्याचं झाकण लावलं.

२० ऑगस्ट, रविवार

नागचतुर्थी. भावाचा उपास. दरवर्षी करते. सकाळी पुण्याहून दादाचा फोन आला. "शरू, उपास कर, पण गोळी चुकवू नकोस." बहात्तर वर्षांचा आहे, अजून माझी काळजी करतो. दुपारी काय करणार म्हणाला. मी म्हटलं, फुटबॉल बघणार. तो हसला. मग म्हणाला, "अजून डोक्यातून गेलं नाही वाटतं." मी म्हटलं, डोक्यात नव्हतंच कधी, स्मरणिकेचं काम आहे. त्याने लगेच वहिनींना हाक मारली. मग वहिनींनी फोन घेतला.

तीन वाजल्यापासून बायका यायला लागल्या. मी बारा-पंधरा धरल्या होत्या, एकतीस आल्या. सगळ्यांचा उपास, त्यामुळे वऱ्याचे तांदूळ, साबुदाण्याचे वडे, दाण्याचे लाडू. हातांवर उद्याच्या पंचमीची मेंदी, ती ओली, म्हणून कोणाला कठडा धरता येईना. मग तालमीतल्या दोन पैलवानांनी खिडकीतून फळी धरली आणि तोंडं भिंतीकडे फिरवली. कमिटीला दिसत नव्हतं.

पहिली अंबूबाई गेली. फळीवर मधेच थांबून म्हणाली, "माझा मालक आत हाय काय?" आतून तिचा नवरा म्हणाला, "हाय." "मग माझी खुर्ची सोड."

मी सगळ्यांत शेवटी. बाळासोंनी हात पुढे केला. मी म्हटलं, गरज नाही. फळीवरून दोन पावलं टाकली, खिडकीची चौकट धरून आत उडी मारली. गुडघे वाजले. बाळासो म्हणाले, "अजून तशीच उडी हाय." मी लक्ष दिलं नाही.

हॉल तसाच आहे, जसा मी चौदा वर्षं कल्पिला होता: घामाचा, तेलाचा, आणि उगाच प्रशस्त. पुढे एकतीस बायका, मागे भिंतीला टेकून पन्नासेक पुरुष उभे. त्यांना उभं राहिलेलं बघून बरं वाटलं.

स्पेन आणि इंग्लंड. सिडनीला पंच्याहत्तर हजार लोक. मला इंग्लंड नको होतं. १९२१ ची बंदी मी अजून माफ केलेली नाही. एकोणतिसाव्या मिनिटाला स्पेनची लेफ्ट बॅक धावत आली आणि डाव्या पायाने कोपऱ्यात असा सरळ, खुंटीसारखा गोल मारला, की मागून एक पैलवान म्हणाला, "आई शप्पत." त्याच्या आईने पुढून वळून बघितलं.

दुसऱ्या भागात स्पेनला पेनल्टी मिळाली. मला स्पेनच जिंकायला हवं होतं, हे इथे स्पष्ट नोंदवते. पण कॅमेरा इंग्लंडच्या गोलकीपरवर गेला. रेषेवर एकटी. ती एकटी म्हणजे काय ते... ते असो. मारणारी धावत आली आणि मी उभी राहून ओरडले, "थांब! आधी हलू नकोस! तिचं पाऊल बघ, पाऊल!"

तिने झेप घेतली आणि बॉल छातीशी घट्ट धरला.

सगळे पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. माझे दोन्ही हात पुढे होते, पंजे उघडे, आणि मी उजव्या पायावर भार देऊन उभी होते, सहासष्टाव्या वर्षी, तालमीत, सगळ्यांदेखत. बाळासोंनी उपरण्याने तोंड पुसलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुटला न्हाई. म्हटलंतं का न्हाई मी?"

स्पेन एक-शून्य जिंकलं. फटाके फुटले. माझ्या भिंतीजवळ. मी तक्रार उद्या लिहीन.

२१ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी

तक्रार लिहिली नाही.

अंबूबाईने पुरणाची दिंडं केली होती, उपास सोडायला. पान वाढलं, मी पेपर उघडला. काल गोल मारलेल्या त्या मुलीचे वडील सामन्याच्या आधीच वारले होते. घरच्यांनी आणि जवळच्यांनी तिला कळू दिलं नाही. सामना झाला, कप हातात घेतला, त्यानंतर सांगितलं. ती खेळावी म्हणून.

मी ते तीनदा वाचलं. दिंडं निवली. ती खेळावी म्हणून.

मग दादाला फोन लावला. उपास सोडला का विचारलं त्याने. मी म्हटलं, "दादा, पंच्याहत्तर सालचं ते पत्र."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. वहिनींच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग तो म्हणाला, "आता इतक्या वर्षांनी कशाला ते, शरू?"

कुठलं पत्र, असं त्याने विचारलं नाही.

मी म्हटलं, "गोळी वेळेवर घेत जा," आणि फोन ठेवला. त्यानंतरचे भावाचे अठ्ठेचाळीस उपास. माझा हिशेब कधी चुकत नाही, नोकरीत तरी चुकला नाही. दिंडं अंबूबाईने परत गरम केली. मी दोन खाल्ली.

दुपारी माळ्यावर चढले. अकराही बॉल खाली काढले. सगळ्यांत हवा होती. गच्चीत, जिथे पत्रा होता तिथे उभी राहिले आणि एकेक पायाने मारून खिडकीतून आत घातला. पहिले दोन चौकटीला लागले. नंतर सवय झाली. आतून कोणीतरी मोजत होतं, "सा... सात... बगा की म्हातारीचा पाय!" बोल्टांचा डबा तालमीच्या भंगारात टाकायला सांगितला.

मग बसून पान पूर्ण केलं. तीनशेच्या जागी सातशे अकरा शब्द झाले. त्यात मोरोक्को आहे, वीस पेनल्ट्या आहेत, अंबूबाईची पंगत तिच्या नावानिशी आहे. एक शब्द कापला तर ऑइल मिलवाल्यांना मी स्वतः भेटेन, असं सोबतच्या पत्रात कळवलं आहे. जावक क्रमांक घातला.

राहिला लेखिकेचा परिचय, एका ओळीत. आधी 'निवृत्त प्रशासकीय अधिकारी' लिहिलं होतं. ते खोडलं. आता असं आहे:

'शरयू देशिंगकर, गोलकीपर. महाराष्ट्राच्या निवड चाचणीसाठी निमंत्रित, १९७५.'

धैर्यशीलराव पुरावा मागतील. मागू देत. ते टपाल ज्याने आणलं होतं, तो त्यांचाच सेक्रेटरी आहे.